पुण्यात बसून समुद्रातली बोट बांधायची असेल तर

दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी विचारतंच, तू खरंच पुण्यात बोट बांधलीस का, आणि लगेच पुढचा प्रश्न, मलाही बांधायचीय, सुरुवात कुठून करू. म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतोय. मी मेकॅनिकल डिप्लोमावाला, भोसरीत फिक्श्चर डिझाइन करतो, घराण्यात कोणाचा समुद्राशी संबंध नाही. ऑक्टोबर 2015 मध्ये पिरंगुटला मित्राच्या शेडमध्ये पहिली फ्रेम उभी केली आणि नोव्हेंबर 2019 मध्ये जयगडच्या खाडीत बोट पाण्यात उतरली. 21 फुटी, मरीन प्लाय (पाण्यात टिकणारा प्लायवुड) आणि इपॉक्सी (दोन भाग मिसळून घट्ट होणारं रेझिन), खाली शिशाची कील, म्हणजे बोट उलटू नये म्हणून तळाला लावलेलं वजन. नोकरी चालू, मुलगी लहान, त्यामुळे शनिवार-रविवार आणि साठवलेल्या सगळ्या रजा यातच गेल्या.

पुणेकरांनी सगळ्यात आधी बघायची ती रुंदी. लोक लांबीवर चर्चा करत बसतात, पण बोट ट्रकवर चढून कराड-पाटणवरून कुंभार्ली घाट उतरणार आहे हे विसरतात. आपल्याकडे गाडीची रुंदी 2.6 मीटरच्या वर चालत नाही, त्यामुळे मी 2.45 मीटरवालं डिझाइन निवडलं, नाहीतर स्पेशल परवानग्या, रात्रीचा प्रवास, सगळा वेगळाच खर्च. आणि शेडचं दार मोजा, खरंच टेप लावून मोजा, बोट उलटी असताना, सुलटी असताना, आणि खाली ट्रॉली धरून. कील मी वेगळी नेली आणि जयगडला क्रेनने बोट उचलून बोल्टने बसवली. शिसं स्वतः ओतायच्या भानगडीत पडू नका, साच्यात थोडा जरी ओलावा राहिला तर वितळलेलं शिसं अंगावर उडतं, हे काम फाउंड्रीतच करून घ्या.

प्लाय मी भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून घेतला. दुकानदार म्हणाले, साहेब, निर्धास्त न्या, पाण्यात काही होत नाही. मी म्हटलं काका, एक तुकडा द्या, घरी जाऊन उकळतो. आयएस 710 म्हणजे मरीन प्लायचं भारतीय मानक, त्याच्या टेस्टमध्ये 72 तास उकळतात, घरी तेवढं जमत नाही, पण आठवडाभर रोज दोन-तीन तास उकळून आणि उन्हात वाळवून थर सुटतात का ते कळतंच. करवतीने आडवा कापून मधल्या थरात फटी आहेत का तेही बघा. अजून एक, आपल्याकडचा गर्जन लाकडाचा मरीन प्लाय परदेशी ओकूमे लाकडाच्या प्लायपेक्षा बराच जड असतो, 9 मिमीच्या 8 बाय 4 शीटमागे साधारण पाच किलोचा फरक पडतो, तीस शीट धरले तर दीडशे किलो, म्हणजे दोन माणसं बोटीत कायमची बसवल्यासारखं. डिझाइन ओकूमेचं असेल तर वजनाचा हिशोब परत करा, मगच प्लाय घ्या.

पुण्यात इपॉक्सीचा सीझन म्हणजे दिवाळी ते होळी. एप्रिलच्या दुपारी अर्धा लिटर मिक्स करून मगमध्ये तसंच ठेवलं तर थोड्या वेळात मग हातात धरवत नाही आणि धूर यायला लागतो, म्हणून पसरट ट्रेमध्ये ओता. पावसाळ्यात वर मेणासारखा चिकट थर येतो, तो थिनरने नाही तर साध्या पाण्याने आणि घासणीने जातो, आणि तो न काढता दुसरा कोट दिला तर तो कोट नंतर पापुद्र्यासारखा सुटतो. कोऱ्या लाकडावर पहिला कोट संध्याकाळी द्या, हवा गार होत असताना. सकाळी दिला तर ऊन चढेल तशी लाकडातली हवा बाहेर येते आणि सगळीकडे बारीक फोड उठतात, प्रत्येक फोड म्हणजे टाचणीएवढं भोक. हे शिकायला कुठे लांब जायची गरज नाही, भोसरी-चाकण भागात फायबरचे पार्ट बनवणारे वर्कशॉप आहेत, मी एका ठिकाणी सहा महिने रविवारी जाऊन नुसता रोलर मारायला शिकलो.

हल, म्हणजे बोटीचं बाहेरचं कवच, तयार होऊन सुलटा केला की लोक बघायला येतात, पेढे येतात, आणि आपल्यालाही वाटतं की झालंच आता. झालेलं काहीच नसतं. माझ्या वहीत एकूण खर्च अकरा लाखांचा आहे, त्यातले हल आणि डेकचे साडेतीन. बाकी सगळे शिडं, डोलकाठी, दोर, व्हॉल्व्ह, बॅटरी, पंप यात गेले, आणि वेळेचंही तसंच. आणि माझ्या मते बोट समुद्रावर टिकणार की नाही हे याच टप्प्यात ठरतं, कारण आत्तापर्यंत तुम्ही भोकं बुजवत होतात आणि इथून पुढे ड्रिल घेऊन भोकं पाडायला लागता. माझ्या डेकमध्ये दोनशेच्या वर आहेत.

याची पद्धत ठरलेली आहे. 8 मिमीचा बोल्ट बसवायचा असेल तर आधी 14-16 मिमीचं भोक पाडा, आतून पातळ इपॉक्सीचा हात फिरवा, खालून टेप लावा आणि सिलिका घालून श्रीखंडासारखी घट्ट केलेली इपॉक्सी गच्च भरा. पूर्ण सेट झाली की मधोमध 8 चं भोक, वरच्या तोंडाची कड थोडी तिरकी घासा (चॅम्फर), म्हणजे सीलंटची रिंग तिथे बसते, आणि खालून मोठी बॅकिंग प्लेट. मग सीलंट कधी सुटला तरी पाणी लाकडापर्यंत पोचत नाही. एका भोकाला दोन दिवस जातात आणि तेवढेच जायला पाहिजेत.

मी लाइफलाइनच्या, म्हणजे डेकच्या कडेने पडू नये म्हणून लावलेल्या दोराच्या, चार खांबांना हे केलं नाही. ऑक्टोबर संपत आला होता, क्रेन ठरली होती, म्हटलं सीलंट चांगला आहे, पुरेल. दोन पावसाळ्यांनंतर, 2021 च्या नोव्हेंबरात, जयगडला एक तांडेल (मच्छीमार बोटीचे प्रमुख) काका सहज बोटीवर आले होते, त्यांनी खांब धरून हलवला, मग खाली वाकून डेकच्या आतल्या बाजूने अंगठा दाबला. अंगठा आत गेला आणि काळं पाणी त्यांच्या मनगटावरून ओघळलं. "ह्यात पाणी शिरलाय रे," एवढंच म्हणाले. याच खांबांच्या भरवशावर मी आदल्या सीझनला गोव्यापर्यंत रात्री-अपरात्री डेकवर वावरलो होतो, बायको सोबत होती. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. दीड फुटाचे चार तुकडे कापून नवीन डेक बसवायला तीन महिने गेले.

डेकवरच्या भोकांपेक्षा पाण्याखालची जास्त भयंकर. 40 मिमीचं भोक, दोन फूट खोल, पाइप सुटला तर मिनिटाला शंभर लिटरच्या वर पाणी येतं, दोनशे लिटरचं पिंप दोन मिनिटांच्या आत भरेल, हातपंपाने तेवढं उपसणं होतच नाही. म्हणून पाण्याखाली कमीत कमी भोकं ठेवा, माझ्याकडे दोनच आहेत, आणि प्रत्येक व्हॉल्व्हला लाकडी निमुळतं बूच दोरीने बांधून ठेवलंय. हार्डवेअरच्या दुकानातला पितळी बॉल व्हॉल्व्ह इथे अजिबात नको, खारं पाणी पितळेतलं जस्त काढून नेतं, उरतं ते गुलाबीसर ठिसूळ तांबं, हातोडीने टकटक केलं तरी तुटतं. ब्राँझचे घ्या, महाग पडतात पण घ्या. बोल्ट 316 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे, 304 चे नाहीत. दिसायला दोन्ही सारखेच, बिल 316 चं आणि माल 304 चा हे माझ्या बाबतीत घडलेलं आहे, तेव्हापासून मॉलीचं (316 मधलं मॉलिब्डेनम ओळखणारं) टेस्टिंग लिक्विड घेऊनच दुकानात जातो. वायर टिन्ड कॉपरची, म्हणजे कथलाचा मुलामा दिलेल्या तांब्याची, तपकीर गल्लीतली साधी वायर वर्षात आतून काळी पडते.

सुहैलीचं नाव माहीत नसेल तर सांगतो, मुंबईत बांधलेली 32 फुटी सागवानी बोट, तिच्यातून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन 1968-69 मध्ये एकटे, कुठेही न थांबता पृथ्वीला फेरी मारून आले, 312 दिवसांत, असं करणारे ते पहिलेच. सुरुवातीलाच, अटलांटिकमध्ये, कीलजवळच्या सांध्यातून पाणी यायला लागलं, तर पाण्यात उतरून, श्वास धरून, सांध्यात कापूस ठासला आणि वरून तांब्याची पट्टी ठोकली. एवढी मोठी सफर त्या एका फटीपाशी थांबू शकली असती.

कागदपत्रांचं थोडक्यात. नोंदणीसाठी काय लागतं ते बांधायला घ्यायच्या आधीच मेरीटाइम बोर्डात विचारून या. थुराया, इरिडियमचे सॅटेलाइट फोन परवानगीशिवाय भारतात बेकायदा आहेत, बाहेरून येणाऱ्या नातेवाइकाकडून मागवू नका.

आणि अगदी नवीन असाल तर 21 फुटीला हात घालू नका, आठ फुटी डिंगी, म्हणजे छोटी होडी, बांधा, दोन-तीन शीटमध्ये होते, एक हिवाळा पुरतो, आणि शेवटी घरी बाल्कनीत जागा झाली नाही तर कोणीतरी आवडीने नेतं. या डिसेंबरात मी डोलकाठीच्या पायाची सहा भोकं नव्याने भरणार आहे, कोणाला हात बसवायचा असेल तर रविवारी सकाळी शेडवर या, जुने कपडे घालून, मास्क आणि ग्लोव्हज माझ्याकडे आहेत.