थंडीच्या भाजीआधी परसातली माती

कोकण-गोव्यात गणेश चतुर्थी आटोपली की कोबी, नवलकोल, मिरचीचं बी आडोशाखाली रोपांसाठी टाका. रोपं लावणीला यायला चार-पाच आठवडे लागतात, आणि वाफे तयार करायला हाताशी तेवढाच वेळ असतो.

पावसाने उघडीप दिली म्हणून लगेच कुदळ घेऊ नका. वीतभर खोलीवरची मूठभर माती दाबा आणि अंगठ्याने ढकला. भुगा झाला तर खणा. गोळा तसाच राहिला तर थांबा. ओली जांभ्याची माती उलथली की ढेकळं उन्हात विटेसारखी वाळतात आणि हंगामभर फुटत नाहीत. खणताना लव्हाळ्याच्या गाठी हाताने वेचा. कुदळीने तुकडे केले तर एकाचे चार होतात.

चुना शेणखताच्या आधी, हा क्रम बदलू नका. आपला पाऊस मातीतलं कॅल्शियम, मॅग्नेशियम धुऊन नेतो आणि माती आंबट होते. माती परीक्षणात सामू (पीएच) साडेपाचच्या आसपास आला तर दहा चौरस मीटरला एक ते दीड किलो डोलोमाइट किंवा शेतीचा चुना पसरून मातीत मिसळा. विरलेला (पाणी घालून फुलवलेला) चुना असेल तर त्याच्या पाऊणपटच पुरे. मग दोन आठवडे हात लावू नका. चुना आणि शेण एकत्र पडले की नाकाला झोंबणारा वास येतो. तो वास म्हणजे उडून चाललेलं नत्र (नायट्रोजन). त्याच वाफ्यात चुलीची राखही ओतू नका, तीही आंबटपणाच मारते.

त्यानंतर तेवढ्याच जागेला वीस-पंचवीस किलो कुजलेलं शेणखत आणि एक किलो निंबोळी पेंड. खत हाताला गार आणि वासाला मातीसारखं हवं; कच्च्या शेणात हुमणी (मुळं खाणारी पांढरी अळी) येते. सुपर फॉस्फेट तीनशे ग्रॅम, पण वाफाभर फोकून (विखरून) नव्हे: तांबड्या मातीतलं लोह स्फुरद (फॉस्फरस) धरून बसतं. टोपलीभर शेणखतात कालवून ओळीखालीच द्या.

वाफा मीटरभर रुंद, पंधरा सेंटिमीटर उंच. दिवाळीच्या आसपास संध्याकाळी गडगडाटी सर आली की सपाट वाफ्यात पाणी तुंबून रोपं कुजतात.

गेल्या वर्षी जिथे वांगी हिरवीच्या हिरवी माना टाकून मेली, तिथे वांगी, टोमॅटो, मिरची नकोच. यंदा तसं झाड दिसलं तर बुंध्याचा तुकडा कापून पेल्यातल्या पाण्यात टांगा. काही मिनिटांत दुधट धागे खाली उतरले तर जिवाणूजन्य मर (झाड सुकवणारा रोग) नक्की. त्या जागी अळसांदे (चवळी) किंवा मका घ्या. खाजनालगत (खाडीकाठच्या बांध घातलेल्या खारट जमिनीलगत) असाल तर विहिरीचं पाणी चाखा. मचूळ असेल तर वालाचा नाद सोडा.

तांबडी भाजी (तांबडा माठ) थेट वाफ्यातच: बी चौपट बारीक वाळूत मिसळून. बी मुंग्या नेतात, म्हणून फोकल्यावर वरवर हात फिरवून झाका आणि झारीनेच पाणी द्या.