टेबलावर चालतो, डब्यात अडतो: छोट्या रिमोट मायक्रोस्कोपमधल्या या चुका टाळा

रास्पबेरी पाय हा खिशात मावणारा कॉम्प्युटर, त्याचा आठ मेगापिक्सेलचा कॅमेरा, छोट्या टप्प्यांत (स्टेपमध्ये) फिरणारी २८बीवायजे-४८ स्टेपर मोटर आणि कॉलेजच्या मायक्रोस्कोपचा एक ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे नमुन्याजवळची लेन्स. एवढ्या सामानात सोलापुरातल्या कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजात रिमोटवर चालणारा मायक्रोस्कोप उभा राहतो आणि डेमोच्या दिवशी झकास चालतो. कारण त्या दिवशी शेजारी कुणीतरी उभं असतं. फोकस सरकला की बोटाने हळूच ढकलतं, केबल निघाली की खोचतं. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस उडालेल्या इस्रोच्या पोएम-४ वर, म्हणजे कक्षेत फिरत ठेवलेल्या रॉकेटच्या शेवटच्या टप्प्यावर, चवळीच्या आठ बिया बंद डब्यात चार दिवसांत रुजल्या. तिथे बोट लावायला कुणी नव्हतं. आपलं यंत्र तशा डब्यात जायचं असेल, तर पुढच्या गोष्टी आधी तपासा.

उलटं धरून बघितलंच नाही

सगळ्यात जास्त फसवणारी चूक हीच. मोटरच्या गिअरमध्ये आणि स्क्रूच्या आट्यांत थोडा प्ले, म्हणजे ढिलेपणा, असतोच. टेबलावर स्टेजचं, म्हणजे स्लाइड बसते त्या भागाचं, वजन तो प्ले कायम एका बाजूला दाबून ठेवतं, म्हणून फोकस नेमका वाटतो. वजनच गेलं की स्टेज त्या फटीत कुठेही थांबते. यंत्र आडवं करा, मग उलटं करा आणि तीच स्लाइड पुन्हा फोकस करा. चित्र उडी मारत असेल तर वजनाचं काम स्प्रिंगला द्या. स्प्रिंगचा दाब स्टेजच्या वजनाच्या निदान दुप्पट ठेवा, नाहीतर उलटं केल्यावर तीही हरते.

प्ले मोजायला सोपा आहे. ५०० स्टेप वर जा, मग एकेक स्टेप खाली या आणि चित्र हलेपर्यंत मोजा. आलेला आकडा प्रोग्राममध्ये लिहून ठेवा आणि फोकसकडे दरवेळी एकाच बाजूने या.

फोकसच्या एम३ बोल्टची पिच, म्हणजे एका फेरीतली सरक, ०.५ मिमी आणि या मोटरच्या एका फेरीला ४०९६ अर्ध्या स्टेप, म्हणजे एका स्टेपला साधारण ०.१२ मायक्रॉन. ४०एक्स (४० पट मोठं दाखवणाऱ्या), ०.६५ एनए (लेन्स किती रुंद कोनातून प्रकाश घेते त्याचा आकडा) ऑब्जेक्टिव्हची फोकसची खोली जेमतेम १.३ मायक्रॉन. म्हणजे स्टेप पुरेशी बारीक आहे, दगा देतो तो प्ले.

मोटर चालू ठेवून झोपायला जाणे

ही मोटर ५ व्होल्टवर दोन कॉइल चालू असताना साधारण ०.२ अँपिअर ओढते. एक वॅट उष्णता, तीही थेट स्टेजच्या पायथ्याशी. वजनरहित अवस्थेत गरम हवा वर जात नाही, तिथेच घुटमळते, आणि निर्वातात तर पंखा लावूनही उपयोग नाही. ॲल्युमिनियमचा ५० मिमीचा खांब १० अंशांनी तापला की ११.५ मायक्रॉन वाढतो. फोकस कधीच गेलेला असतो. स्टेप पूर्ण झाली की कॉइलचा करंट बंद करा; गिअर आणि स्क्रू जागा धरून ठेवतात. मोटर आणि रास्पबेरी पाय दोन्ही तांब्याच्या पट्टीने डब्याच्या भिंतीला जोडा.

तपासणीसाठी सोलापूरचा मे महिना फुकटचा थर्मल चेंबर आहे. पहाटे सहाला फोकस लावा आणि हात न लावता दर अर्ध्या तासाने एक फोटो, दुपारी तीनपर्यंत. पीएलए या थ्रीडी प्रिंटरच्या प्लास्टिकमध्ये छापलेली बॉडी असेल तर उन्हातल्या गाडीत ठेवू नका. पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि एकदा वाकलेलं परत सरळ होत नाही.

४०एक्स लावलं म्हणजे जास्त दिसतं

नाही दिसत. कॅमेऱ्याचा पिक्सेल १.१२ मायक्रॉनचा. १६० मिमी ट्यूबवर ४०एक्सखाली तो ०.०२८ मायक्रॉन इतका येतो, पण लेन्सच ०.५ मायक्रॉनपेक्षा बारीक वेगळं करू शकत नाही. बाकीचे पिक्सेल फुकट, आणि क्षेत्र उरतं फक्त ९२ मायक्रॉन रुंद. मार्केट यार्डातल्या कांद्याची साल लावून बघा: तिची एक पेशी सुमारे पाव मिलिमीटर लांब असते, चित्रात अर्धीही मावत नाही. इन्फिनिटी ऑब्जेक्टिव्ह (ज्याला चित्र बनवायला पुढे आणखी एक ट्यूब लेन्स लागते) घेऊन ५० मिमी फोकल लांबीची ट्यूब लेन्स लावली की क्षेत्र वाढतं आणि डबाही लहान होतो. मात्र अंगावर १६० (मिमी ट्यूब) लिहिलेला ऑब्जेक्टिव्ह तिच्यासोबत वापरू नका, चित्र धूसर येईल.

कॅमेऱ्याची मूळ लेन्स काढल्यावर कडांना रंगाची झाक येते. सेन्सर बिघडलेला नसतो. कोऱ्या स्लाइडचा फोटो घेऊन प्रत्येक चित्राला त्याने भागा. चित्रात आडवे पट्टे दिसत असतील तर एलईडी पीडब्ल्यूएमवर आहे, म्हणजे उजेड कमी करायला ती वेगाने चालू-बंद होते आहे. तिला स्थिर करंट द्या.

फोकस खालून, पृथ्वीवरून माउसने

अंतराळ स्थानकाचा संदेश भूस्थिर उपग्रहावरून फिरतो. जाऊन-येऊन नुसत्या प्रकाशालाच जवळजवळ अर्धा सेकंद लागतो, वर यंत्रणेचा उशीर. एवढ्या उशिरात माणूस माउसने फोकस पार करून पुढे जातो आणि ऑब्जेक्टिव्ह काचेवर आपटतो. ४०एक्सला जागा असते जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर. म्हणून फोकस यंत्रानेच शोधावा: आधी १६-१६ स्टेप, मग ४-४, आणि ज्या ठिकाणी जेपीईजी फाइल सगळ्यात मोठी (चित्र जितकं स्पष्ट, तितकी फाइल मोठी) ते ठिकाण फोकसचं. एक्स्पोजर, गेन आणि व्हाइट बॅलन्स आधी लॉक करा, नाहीतर कॅमेरा उजेड बदलत राहतो आणि फाइलचा आकार खोटं बोलतो. रीस्टार्टनंतर यंत्राला आपण कुठे आहोत हे कळत नाही, त्यासाठी सुरुवातीची जागा ओळखणारा होम स्विच लावा. काचेच्या आधी अडवणारा धातूचा स्टॉपरही हवाच.

बुडबुडे, तूस आणि सुपरग्लू

बुडबुडा अंतराळात वर जात नाही, नेमका पेशीसमोर बसून राहतो. नमुन्याचा द्रव आधी निर्वातात ठेवून त्यातली हवा काढा, तो भरायचा चेंबर तिरपा धरून सिरिंजने सावकाश भरा आणि झाकायला ०.१७ मिमीचीच काच वापरा. जोडणी लूमच्या शेडजवळ करू नका. कापसाचा तंतू १२ ते २० मायक्रॉन जाड असतो, आणि तिथे धूळ खाली बसत नाही, फिरून लेन्ससमोर येते. लेन्सजवळ सुपरग्लू तर नकोच. त्याची वाफ काचेवर पांढरी साय धरते. इपॉक्सी वापरा. रिबन केबलच्या खटक्यावरही त्याचा एक थेंब टाका, रॉकेटच्या हादऱ्यात आधी तीच निसटते.

सगळे फोटो खाली पाठवू म्हणणे

९६०० बिट प्रति सेकंदाच्या लिंकवर दहा मिनिटांच्या पासमध्ये (उपग्रह डोक्यावरून जातो तेवढ्या वेळात) जास्तीत जास्त ७२० केबी उतरतात. पूर्ण आकाराचा एक फोटोही नाही. आधी ३२० पिक्सेलच्या छोट्या प्रती पाठवा, खाली बघून निवड करा, आणि निवडलेल्या चित्राचा हवा तेवढाच तुकडा पुढच्या पासला मागवा. मूळ फाइल खालून पोच आल्याशिवाय कार्डावरून पुसू नका.