शेततळ्यातल्या माशांना लाल चट्टे नि ऊ: औषधाच्या आधी काय करायचं

थंडी पडली की शेततळंवाल्यांचे फोटो यायला लागतात, रोहू-मृगळच्या अंगावर लाल चट्टे, कुठे खवलं जाऊन जखम पडलेली, आणि खाली एकच प्रश्न, कोणतं औषध टाकू? माझ्या मते औषध सगळ्यात शेवटी. तुमचं तेच पाणी पुढे ठिबकमधून डाळिंबाला, कांद्याला जाणार आहे आणि तोच मासा कोणाच्या तरी ताटात, त्यामुळे जे टाकाल ते तळ्यापुरतं राहत नाही.

लाल चट्टा आधी समजून घ्या. हा रोग भारतात 1988 मध्ये ईशान्येकडून शिरला, मूळ कारण अफॅनोमायसिस नावाचा बुरशीसारखा जीव. त्याच्यावर अँटिबायोटिक चालतच नाही, तरी लोक दुकानदाराने दिलेली पावडर खाद्यात कालवतात, पैसे जातात आणि तळ्यातले जिवाणू त्या औषधाला सरावतात ते वेगळंच. क्लोरॅमफेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान ही जिवाणूनाशकं तर माशांसाठी बंदीच आहे, हातही लावू नका.

पाऊस संपून पाणी गार व्हायला लागलं की धोका वाढतो, म्हणून तयारी दिवाळीच्या आसपास करायची. आधी पाण्याचा पीएच (आंबटपणा-खारेपणाचं माप) बघा, 7 ते 8.5 चालतं. कमी असेल तर कळीचा चुना भिजवून, पूर्ण थंड करून सगळीकडे शिंपडायचा, हेक्टरी 200 किलोच्या हिशोबाने 30 बाय 30 मीटरच्या तळ्याला 18-20 किलो होतो, पण एकदम न ओतता दोन-तीन हप्त्यांत. प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या तळ्यात चुना शोषायला माती नसते आणि हिरव्या पाण्यात दुपारी पीएच तसाच चढतो, त्यामुळे न मोजता चुना टाकणं म्हणजे आपणच मासा मारणं. चट्टे दिसायलाच लागले तर भुवनेश्वरच्या सिफा या मत्स्यपालन संशोधन संस्थेने काढलेलं सिफॅक्स नावाचं औषध आहे, एक मीटर खोल पाण्याला हेक्टरी 1 लिटर, म्हणजे आपल्या तळ्याला मीटरमागे 90 मिली, पाण्यात मिसळून पसरायचं.

मरळ आणि नाल्यातले बारके मासे या रोगाला लवकर बळी पडतात, म्हणून ओढ्याचं पाणी घेताना पाइपच्या तोंडाला बारीक जाळी बांधाच.

आता ऊ, म्हणजे माशाच्या अंगाला चिकटणारा परजीवी. मासा कडेला अंग घासतो, उगाच उड्या मारतो, पकडून बघितलं तर चपटी गोल ऊ डोळ्याला दिसते. इथे बरेच जण पिकावर फवारायचं सायपरमेथ्रिन हे कीटकनाशक ओततात. कृपा करून नका करू, त्याने पाण्यातले बारीक जीव मरतात आणि कटला तर त्यांच्यावरच जगतो. ऊ अंडी घालते ती कडक पृष्ठभागावर, तिचा हाच स्वभाव वापरा, तळ्यात बांबू उभे रोवा किंवा लाकडी फळ्या सोडा, आठवड्याला बाहेर काढून कडक उन्हात नीट वाळवा आणि परत टाका. काम हळू होतं, महिना-दोन महिने नेटाने करावं लागतं, पण खर्च जवळपास शून्य. तळं रिकामं होईल तेव्हा कागदही घासून उन्हात तापू द्या.

मुळात गर्दी करू नका. हेक्टरी 5 ते 10 हजार बोटुकली (बोटाएवढी पिल्लं), म्हणजे 9 गुंठ्यांच्या तळ्यात 450 ते 900, एअरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) नसेल तर खालचाच आकडा धरा. पहाटे मासे वर येऊन तोंड मारत असतील तर ऑक्सिजन कमी पडलाय, त्या दिवशी खाद्य बंद आणि पंपाने पाणी उडवा. गारठ्यात मासा कमी खातो, उरलेली पेंड तळाशी सडते, तेव्हा खाद्य निम्म्यावर आणा. नवीन बीज (माशांची पिल्लं) आलं की पिशवी 15-20 मिनिटं पाण्यावर तरंगू द्या, मग 10 लिटर पाण्यात 200 ग्रॅम खडेमीठ करून त्यात एक-दोन मिनिटं बुडवून सोडा, मासा कलंडला की लगेच काढायचा. आणि शेजाऱ्याचं जाळं उन्हात वाळवल्याशिवाय आपल्या तळ्यात नको, मैत्री कितीही असू दे.

मेलेला मासा नाल्यात फेकू नका, विहिरीपासून लांब खड्डा करून चुना टाकून पुरा. तपासणीला सडलेला मासा उपयोगाचा नाही, आजारी पण जिवंत मासा ऑक्सिजनच्या पिशवीत घालून जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात किंवा कृषी विज्ञान केंद्रात न्या. 2023 पासून केंद्राचं रिपोर्ट फिश डिसीज हे ॲपही आहे, त्यावर फोटो टाकताना पाण्याचा पीएच, बीज कधी सोडलं आणि मर कधी सुरू झाली हे लिहा, नुसत्या फोटोवरून कोणालाच नेमकं सांगता येत नाही.