प्राइम लेन्स घेण्याआधी खोली मोजा

किट लेन्सचा, म्हणजे कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या झूमचा कंटाळा आला की मिळणारा सल्ला ठरलेला असतो: पन्नास एमएम, एफ १.८ घे, स्वस्तात मस्त. ही प्राइम, म्हणजे झूम न होणारी लेन्स. एमएम म्हणजे फोकल लेंग्थ, आकडा मोठा तेवढी चौकट अरुंद. एफ हा ॲपर्चरचा, म्हणजे लेन्सच्या भोकाचा आकडा, लहान तेवढा उजेड जास्त. सल्ला खोटा नाही, पण अर्धवट आहे. पन्नासची लेन्स फुल फ्रेमच्या, म्हणजे जुन्या फिल्मएवढ्या सेन्सरच्या हिशोबाने बनलेली आणि हौशी माणसाच्या हातात बहुधा क्रॉप, म्हणजे त्याहून लहान सेन्सरचा कॅमेरा. कॅननचा क्रॉप १.६ पट, निकॉन, सोनी आणि फुजीचा १.५ पट. त्यामुळे पन्नासची लेन्स तिथे ऐंशी-पंचाहत्तरसारखी वागते, आणि घरातला फोटो घ्यायला गेलं की पाठ भिंतीला टेकते.

हिशोब करून बघा. उभ्या माणसाचा डोक्यापासून पायापर्यंत फोटो, कॅमेरा उभा धरून, वर-खाली थोडी जागा सोडून. कॅननच्या क्रॉप बॉडीवर ५० एमएम असेल तर तुम्हाला सव्वाचार मीटर, म्हणजे १४ फूट मागे जावं लागेल. निकॉनच्या क्रॉप बॉडीवर ३५ एमएमला सव्वानऊ फूट पुरतात. कॅननच्या २४ एमएमला पावणेसात. दहा बाय बाराच्या खोलीत कुठली लेन्स चालेल हे दुकानदाराला विचारायची गरजच नाही, टेप घेऊन मोजा.

त्याहून सोपी चाचणी किट लेन्सवरच होते. १८-५५ ची झूम रिंग ३५ वर आणा आणि तिथेच चिकटपट्टी लावून टाका. आठवडाभर तेवढ्यावरच फोटो काढा: स्वयंपाकघर, गल्ली, आठवडी बाजार, शेत. पुढच्या आठवड्यात ५०, मग २४. कुठल्या आठवड्यात सारखं मागे सरकावं लागलं आणि कुठल्या आठवड्यात रिंगची आठवणही झाली नाही, ते लक्षात ठेवा. शिवाय जुने आवडते फोटो कॉम्प्युटरवर उघडून प्रॉपर्टीजमधली फोकल लेंग्थ बघा. बहुतेकांचे आकडे एका जागी गोळा झालेले दिसतात. एक मात्र खरं, या चाचणीतून चौकट कळते, उजेडातला फरक कळत नाही. किट लेन्स ५५ च्या टोकाला एफ ५.६ वर अडकलेली असते आणि एफ १.८ तिच्या जवळपास दहापट उजेड आत घेते. संध्याकाळी सातनंतर हा फरक डोळ्यांना दिसतो.

आता प्रत्यक्ष लेन्स. कॅननची ईएफ-एस २४ एमएम एफ २.८ एसटीएम फक्त १२५ ग्रॅमची आणि २३ मिलिमीटरसुद्धा जाड नाही. कॅमेऱ्यावर चढवली तरी झाकणच लावलंय असं वाटतं. ईएफ ४० एमएम एफ २.८ एसटीएम तेवढीच चपटी. ईएफ ५० एमएम एफ १.८ एसटीएम १६० ग्रॅम. निकॉनच्या क्रॉप बॉडीसाठी एएफ-एस डीएक्स ३५ एमएम एफ १.८जी, २०० ग्रॅम. फुजीची एक्सएफ २७ एमएम एफ २.८ तर ८० ग्रॅमच्या आसपास. एकच घ्यायची असेल तर क्रॉप बॉडीवर ३५ च्या आसपासची घ्यावी असं आमचं मत. पन्नास ही दुसरी लेन्स म्हणून छान.

घेताना दोन चुका हमखास होतात. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडीत फोकसची मोटर नसते. जुनी ५० एमएम एफ १.८डी स्वस्तात मिळते म्हणून घेतली, तर फोकस आयुष्यभर हाताने फिरवायचा. त्या बॉडीला एएफ-एस लिहिलेली लेन्स हवी. एएफ-पी लिहिलेली फक्त त्यातल्या नव्या बॉडींवर चालते. दुसरी चूक मिररलेसवाल्यांची, म्हणजे आत आरसा नसलेले नवे कॅमेरे वापरणाऱ्यांची. कॅननच्या आर नावाच्या मिररलेस बॉडीवर आरसेवाल्या कॅमेऱ्यांची ईएफ लेन्स अडॅप्टर लावून नीट चालते, पण अडॅप्टरच २४ मिलिमीटर लांब. चपट्या लेन्सचा चपटेपणा तिथेच संपला.

लेन्स हातात आली की पहिले चार दिवस सगळे फोटो एफ १.८ वर निघतात आणि निम्मे फसतात. कारण साधं आहे. क्रॉप बॉडीवर ५० एमएम, एफ १.८ आणि समोरचा माणूस दीड मीटरवर असेल, तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम सहा सेंटिमीटरचा. फेटा बांधलेल्या आजोबांचा डोळा लख्ख येतो आणि कान विरघळतो. फोकस मिशीवर गेला तर डोळाही गेला. एफ ४ वर हाच पट्टा चौदा सेंटिमीटरचा होतो आणि मागची भिंत तरीही मऊच राहते. चेहऱ्यासाठी एफ २.८ ते ४, दोन माणसं असतील तर ५.६. एफ १.८ उजेड संपल्यावर वापरायला ठेवा.

फोकस पॉइंट एकच निवडा आणि तो जवळच्या डोळ्यावर नेऊन ठेवा. मधल्या पॉइंटने फोकस धरून मग चौकट हलवायची जुनी सवय इथे नडते, कारण कॅमेरा वळवताना अंतर दोन-तीन सेंटिमीटरने सहज बदलतं. शटर माणसांसाठी सेकंदाच्या १/१२५ पेक्षा हळू नको, आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ते) ऑटोवर सोडा. दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही.

उन्हाची गोष्ट वेगळी. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे दुपारी बाराला आयएसओ १०० वर एफ १.८ ठेवलं तर शटर १/८००० लागतं. साध्या बॉडीत ते १/४००० पर्यंतच जातं, म्हणून पांढरं धोतर कागदासारखं कोरं येतं. एफ २.८ वर या, १/३२०० मध्ये भागतं. ट्यूब किंवा एलईडीखाली फोटोवर आडवे पट्टे आले तर लेन्सला दोष देऊ नका. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला शंभरदा लुकलुकतो. शटर १/१०० किंवा १/५० करा, पट्टे जातात.

काढायचं काय? हुरड्याच्या दिवसांत आगटीभोवती बसलेली माणसं म्हणजे ३५ एमएमचा हक्काचा विषय. एफ २, १/१२५, आयएसओ १६०० ते ३२००. व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाची जुळणी) ऑटोवर ठेवला तर कॅमेरा जाळाचा तांबूस रंग धुऊन काढतो, म्हणून डेलाइटवर ठेवा. लातूर-धाराशिवकडे येळवसला, म्हणजे वेळा अमावस्येला शेतातल्या कडब्याच्या कोपीत पूजा मांडतात. कोप बुटकी, आत वाकूनच जायचं, तिथे पन्नास निरुपयोगी. २४ घ्या आणि उजेडाला पाठ न करता बाजूने बसा, नाहीतर पूजेवर तुमचीच सावली.

पैठणला हातमागावर मात्र पन्नास उजवी ठरते. ईएफ ५० एसटीएम ३५ सेंटिमीटरपर्यंत फोकस करते. हे अंतर लेन्सच्या काचेपासून मोजायचं नसतं, कॅमेऱ्यावर आडवी रेघ असलेल्या गोल खुणेपासून मोजायचं. तिथून साधारण साडेदहा सेंटिमीटर रुंदीचा तुकडा चौकट भरतो: पदरावरचा एखादा मोर आणि त्यात रंगीत धागा ओवणारी बोटं. एवढ्या जवळून एफ ५.६ सुद्धा कमीच पडतं. जरीचा धागा चमकून पांढरा होत असेल तर एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) दोन-तृतीयांश स्टॉप, म्हणजे -०.७ वर खाली घ्या आणि खिडकीचा उजेड बाजूने येईल असं बसा. धोटा पळताना दाखवायचा तर १/३०, थांबवायचा तर १/५००. आणि फोटोसाठी विणकराला माग थांबवायला लावू नका.

वेरूळचं कैलास लेणं, क्रमांक १६, अंगणातून पन्नासमध्ये बसणार नाही, तो हट्ट सोडा. दक्षिण बाजूच्या रावणानुग्रहासारखी (रावण कैलास हलवतो ते) शिल्पं पन्नासने घ्या, अख्खं देऊळ हवं तर बाजूच्या डोंगरावरून. अजिंठ्यात फ्लॅशला बंदी आहे, त्यामुळे एफ १.८, १/६०, आयएसओ ३२०० च्या आसपास सुरुवात करा. इथे उघडं ॲपर्चर बाधत नाही, कारण भिंत सपाट असते. फक्त कॅमेरा भिंतीला समांतर हवा, तिरका धरला की चित्राची एक कड मऊ पडते. कोपरे छातीशी दाबा, श्वास सोडा, सलग तीन फोटो घ्या, मधला बहुधा स्थिर येतो. चित्रांच्या भिंतीला किंवा खांबाला टेकायचं नाही. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी.

जुनी लेन्स घेताना मोबाइलचा टॉर्च मागच्या काचेतून तिरका मारून बघा. धूळ असली तरी फोटोत दिसत नाही, तिच्यासाठी भाव पाडता येतो एवढंच. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, लेन्स परत करा. मग शटर कॅमेऱ्यावर सोडून एफ १.८ आणि एफ ८ वर एकेक फोटो काढा. दोन्हींचा उजेड सारखा आला म्हणजे ॲपर्चरची पाती नीट मिटतात. वर्तमानपत्र भिंतीला लावून चारही कोपरे तपासा. एकच कोपरा पुसट असेल तर लेन्स कधीतरी पडलेली आहे.

मराठवाडा कोरडा, म्हणून बुरशी धरत नाही असं समजू नका. श्रावण-भाद्रपदात कपाटात चामड्याच्या पाऊचमध्ये ठेवलेली लेन्स धरतेच. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा आणि जेलचा रंग बदलला की बदला. उन्हाळ्यात बंद गाडीत सोडू नका. धूळ आधी ब्लोअरने उडवा, मगच मायक्रोफायबर. उपरण्याने पुसलं तर त्यातलाच खडा काचेवर रेघ ओढतो. पन्नास एसटीएमची पुढची नळी फोकस करताना बाहेर येते, तशीच झाकण दाबून पिशवीत कोंबली तर दाब आतल्या गिअरवर पडतो. बंद करण्याआधी लांबच्या झाडावर फोकस करा, नळी आत जाते. आणि झाकण एक जास्तीचं घेऊन ठेवा. माप लेन्सवरच छेद दिलेल्या गोल खुणेपुढे लिहिलेलं असतं, पन्नास एसटीएमला ४९.