काल्पनिक जगासाठी लिपी घडवताना

काल्पनिक जगासाठी लिपी घडवायला बसल्यावर ‘क’साठी एक चिन्ह, ‘ख’साठी दुसरे, अशी वर्णमाला उतरवत गेले की हाती केवळ सांकेतिक देवनागरी येते. म्हणून आकारांकडे वळण्याआधी आपल्या जगातली माणसे कशावर आणि कशाने लिहितात, हे ठरवावे.

ताडपत्रावर लोखंडी लेखणीने अक्षरे कोरून त्यांत काजळी भरत असत. पानाचे तंतू लांबीच्या दिशेने जात असल्याने आडवी सरळ रेघ ओढताना पान चिरण्याची भीती असे, आणि ओडिया अक्षरांच्या डोक्यावर सरळ शिरोरेषेऐवजी वाटोळी कमान दिसते तिचे कारण बहुधा हेच सांगितले जाते. याउलट उत्तर युरोपातील रून अक्षरे लाकडावर कोरण्याजोगी, म्हणजे उभ्या आणि तिरप्या रेघांची होती. तुमचे डोंगरी लोक देवदाराच्या फळ्यांवर कोरत असतील, तर त्यांच्या अक्षरांत गोलाई नसावी.

त्यानंतर चिन्ह नेमके कशाचे, हे ठरवावे: एका ध्वनीचे, अक्षराचे (म्हणजे ‘का’, ‘की’ अशा एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या घटकाचे) की अख्ख्या शब्दाचे. उत्तर अमेरिकेतील चेरोकी या मूलनिवासी समाजातले सिक्वोया यांनी 1821च्या सुमारास आपल्या चेरोकी भाषेसाठी सुमारे 85 चिन्हांची अक्षरलिपी सिद्ध केली. तिच्यातले काही आकार रोमन अक्षरांसारखे असले, तरी त्यांचे उच्चार सर्वस्वी वेगळे आहेत. आकार उसना घ्यायचा असेल, तर तो इतक्याच मोकळेपणाने घ्यावा. माझ्या मते मात्र सर्वांत अभ्यासण्याजोगी लिपी कोरियाची आहे. राजा सेजोंग यांच्या काळात 1443 मध्ये सिद्ध झालेल्या आणि 1446 मध्ये जाहीर झालेल्या या लिपीत ‘म’चे चिन्ह मुखाच्या आकारावरून घेतलेला चौकोन आहे, तर ‘क’च्या चिन्हात एक रेघ वाढवली की ‘ख’ होतो. अशी एखादी आंतरिक शिस्त असली, की वाचकालाही लिपी उलगडण्याचा आनंद मिळतो.

शेवटी लिपीला घाईची सवय लावावी. मोडीत आधी ओळभर शिरोरेषा ओढून घेत आणि मग तिच्याखाली बोरू शक्यतो न उचलता अक्षरे लिहीत. शब्दांत अंतर नसे, ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही फारसा पाळला जात नसे. आपल्या लिपीतली एकच ओळ पाथरवटाच्या, कारकुनाच्या आणि नवशिक्या मुलाच्या हातची म्हणून तीनदा लिहून पाहावी, आणि कारकुनाच्या ओळीत जी दोन अक्षरे सारखी दिसू लागतील, त्यांतील एकाचा आकार बदलावा.