डचमधला पांढरा रंग आणि माझी दोन वर्षं

डचमध्ये इंग्लिशच्या 'द'च्या जागी दोन शब्द आहेत, एकवचनात नपुंसकलिंगी शब्दांना हेट आणि बाकीच्यांना डं, एवढं धरून लिहितेय. मला दोन वर्षं छळलं ते एकाच शब्दाने, विट म्हणजे पांढरा. कधी विट, कधी विटं. शेवटचा तो अं अगदी आपल्या 'पांढरं'सारखा ऐकू येतो आणि घोळ तिथेच होतो.

आपल्याकडे घर नपुंसकलिंगी, म्हणून पांढरं घर. डचमध्येही हाउस हेटवालं, म्हणजे नपुंसकच. मग तोंडातून आपोआप 'अन विटं हाउस' निघतं. साफ चूक! एक पांढरं घर म्हणजे 'अन विट हाउस'. आपला कान जिथे अं मागतो नेमका तिथेच तो गाळायचा. पण तेच घर ठरावीक झालं की 'हेट विटं हाउस', माझं झालं की 'मेइन विटं हाउस', अनेक घरं झाली तरी विटं. घर तेच, लिंग तेच, तरी विशेषण बदलतं, हे मराठी डोक्याला पटतच नाही, कारण आपलं पांढरं माझं असो की शेजाऱ्याचं, पांढरंच. डंवाल्या शब्दांना मात्र डोळे मिटून विटं लावा, अन विटं ऑटो, डं विटं ऑटो. आणि 'घर पांढरं आहे' म्हणायचं असेल तर कुणालाही नुसतं विट.

आर्टिकल नसलं तरी सुटका नाही. वाइन डंवाली म्हणून विटं वेइन, ब्रेड हेटवाला म्हणून विट ब्रोट. बेकरीत मी ऐटीत 'विटं ब्रोट' मागितला, काउंटरवरच्या बाईंनी तो कापायच्या मशीनमध्ये ठेवता ठेवता हळूच 'विट ब्रोट' म्हटलं आणि पुढचं सगळं इंग्लिशमध्ये.

एका सीनियरने सांगितलेलं, सगळीकडे विटं ठोक, बहुतेकदा बरोबर येतं. येतं हो, डं शब्द जास्त आहेत ना, पण ती सवय लागली की सुटत नाही, मला विचारा. ॲपवर रोज टिंगटिंग करूनही सुटत नाही. माझी सुटली ती लायब्ररीतल्या तालकॅफेमधल्या (डच बोलायचा सराव करायला जमतात तिथल्या) आजींमुळे, त्या दरवेळी वाक्य अर्ध्यात थांबवायच्या. राग यायचा. शब्द पाठ करताना हाउस नाही, 'हेट हाउस' असाच वहीत लिहा, हे त्यांचंच.

घाबरू नका पण. चुकलात तरी समजतं सगळ्यांना, डच पोरंही लहानपणी हेच चुकतात.

ओरान्ये म्हणजे केशरी, तो कधीच बदलत नाही, आपल्या लालसारखा. मी तर कितीतरी दिवस कुणी माझ्या सायकलचा रंग विचारला की ओरान्ये सांगायचे. सायकल पांढरी आहे.