शाळेतले टॅब कपाटाबाहेर कसे काढावेत

जिल्हा परिषदेच्या शाळेत टॅब कधी ग्रामपंचायतीकडून येतात, कधी लोकसहभागातून. डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, नोंद होते, फोटो निघतात आणि पुढच्या सत्रात टॅब कपाटात जातात. विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘नेट नाही.’ नेटची अडचण त्यातल्या त्यात सोपी. गाडी अडते ती खाती, चार्जिंग आणि एकाच तंत्रस्नेही शिक्षकावर टाकलेली सगळी भिस्त यांपाशी.

आधी बॅटरी

टॅब टेबलावर पालथे ठेवून पाठ तपासा. पाठ फुगलेली असेल किंवा स्क्रीन कडेने उचलली गेली असेल, तर तो टॅब चार्जिंगला लावूच नका. बाजूला काढून ई-कचऱ्यात द्या. दाबून बसवायला गेलात तर पेट घेऊ शकतो. बाकीचे चार्जिंगला लावा आणि तासभर बटण दाबू नका. महिनोन्‌महिने शून्यावर पडलेली बॅटरी लगेच दाद देत नाही, आणि ‘बिघडला’ म्हणून चांगला टॅब बाद होतो.

दहा टॅब एकदम लावले तरी पाच व्होल्ट, दोन अँपिअरच्या चार्जरने जेमतेम १०० वॅट लागतात. एवढा भार साधं एक्स्टेंशन बोर्डही सहज पेलतं. धोका असतो तो सैल सॉकेटमध्ये होणाऱ्या ठिणगीचा. त्यामुळे बोर्ड चांगलं घ्या, टॅब उघड्या टेबलावर चार्ज करा, बंद कपाटात किंवा सतरंजीवर नको.

खातं शाळेचं हवं

सर्वांत जास्त टॅब इथेच अडतात. घाईत कोणीतरी स्वतःचं जीमेल टाकतं. पुढे त्यांची बदली होते, टॅब लॉक होतो, मग बटणं दाबून रीसेट केलं जातं. तेव्हा अँड्रॉइड आधीचंच खातं मागतो, कारण चोरीच्या टॅबसाठी केलेली ती सोय आहे. पासवर्ड ज्यांना ठाऊक ते दुसऱ्या तालुक्यात.

म्हणून शाळेच्या नावाचं एक खातं उघडा आणि सगळ्या टॅबवर तेच वापरा. सेटिंग्जमध्ये जाऊन संपर्कांचं सिंक आणि गूगल फोटोज ॲपमध्ये फोटोंचा बॅकअप बंद करा, नाहीतर एका टॅबवरचे फोटो सगळीकडे दिसू लागतात. पासवर्ड मुख्याध्यापकांच्या कुलूपबंद कपाटातल्या वहीत लिहून ठेवा. जुनं वैयक्तिक खातं असेल तर रीसेट करण्याआधी सेटिंग्जमधून काढा. बदलीच्या वेळी पदभार देण्या-घेण्याच्या यादीत पासवर्ड आणि खात्याला जोडलेला मोबाइल नंबर, दोन्ही यायला हवेत. यादीत टॅबची संख्या असते, नेमकं हेच नसतं.

नेटशिवाय पाठ

बालभारतीच्या पुस्तकातल्या क्यूआर कोडवरून दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपमध्ये त्या पाठाचं साहित्य उघडतं. हे काम वर्गात करू नका. आदल्या दिवशी, जिथे रेंज आहे तिथे, उद्याच्या पाठाचं साहित्य डाउनलोड करा. नंतर विमान मोड लावून ते उघडून पाहा. आत्ता उघडलं तरच उद्या वर्गात उघडेल.

कोड स्कॅन होत नसेल तर आधी पुस्तकाचं प्लॅस्टिकचं कव्हर काढा, त्याच्या चकाकीने कॅमेरा गोंधळतो. स्वस्त टॅबचा कॅमेरा अगदी जवळचं पुसट दाखवतो, म्हणून साधारण वीतभर अंतर ठेवा. तरीही जमलं नाही तर क्यूआरखाली छापलेला सहा अक्षर-अंकांचा कोड ॲपमध्ये टाइप करा.

टीव्हीवर दाखवायचं असेल तर पेनड्राइव्ह फॅट३२ (FAT32) पद्धतीने फॉरमॅट केलेला असावा आणि फाइल चार जीबीपेक्षा लहान हवी. फॉरमॅट करताना आतलं सगळं पुसलं जातं, तेव्हा आधी कॉपी काढा.

मुलांच्या हातात

पहिली-दुसरीला एका टॅबमागे दोन मुलं, वरच्या वर्गांना तीन. त्याहून जास्त बसवली तर एक खेळतो आणि बाकीचे खांद्यावरून बघतात. तिघांची कामं वाटून द्या: एकाने स्पर्श करायचा, दुसऱ्याने सूचना मोठ्याने वाचायची, तिसऱ्याने उत्तर वहीत लिहायचं. दर पाच मिनिटांनी कामं बदला.

मुलं ॲपमधून बाहेर पडून यूट्यूबवर जातात, यात नवल नाही. सेटिंग्जच्या सुरक्षा विभागात ॲप पिन करण्याची, म्हणजे एकच ॲप स्क्रीनवर अडकवून ठेवण्याची, सोय असते. नाव आणि जागा कंपनीनुसार थोडी बदलते. ती सुरू करताना ‘अनपिन करताना पिन (कुलपाचा आकडा) विचारा’ हा पर्याय जरूर निवडा. तो सोडलात तर बाहेर पडायची युक्ती चौथीतला कुणीतरी मधल्या सुट्टीआधीच शोधतो.

आणि गुरुजी-बाई

सहकारी शिक्षकांना शिकवताना टॅबला आपण हात लावायचा नाही, हा नियम कडक पाळा. ‘द्या इकडे, मी करतो’ म्हटलं की शिकणं तिथेच थांबतं. सुरुवात त्यांच्या रोजच्या कामाने करा. चाचणीची प्रश्नपत्रिका यासाठी उत्तम.

इथे एक जुनं दुखणं भेटतं. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल, तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर निरर्थक इंग्रजी अक्षरांची रांग दाखवते. नवी प्रश्नपत्रिका युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठीच दिसेल अशा पद्धतीने, टाइप करा. जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्डमध्ये मराठी भाषा जोडली की कीबोर्डवर बोलूनही लिहिता येतं. फक्त जोडाक्षरं आणि विरामचिन्हं नंतर डोळ्यांखालून घाला. छपाईला पाठवताना पीडीएफ करून पाठवा, म्हणजे मांडणी हलत नाही.

एका बैठकीत एकच काम शिकवा आणि पुढच्या आठवड्यात ते कोणाच्याही मदतीशिवाय करून घ्या. दुसरं ॲप त्यानंतर. द्विशिक्षकी शाळेत तर दोघांनाही सगळं यायलाच हवं. एक जण प्रशिक्षणाला गेला की त्या दिवशी टॅब बंद राहतात.

मे महिन्याच्या सुट्टीत टॅब पूर्ण चार्ज करून ठेवू नका आणि शून्यावरही नको. निम्मी बॅटरी ठेवून पूर्ण बंद करा, पत्र्याच्या छताखालच्या खोलीऐवजी थंड खोलीत ठेवा. शाळा उघडण्याच्या दोन दिवस आधी चार्जिंगला लावा, अपडेट तेव्हाच उरकून घ्या.